मंडळीचे गाणे : पांढुर्ण्याची खंजेरी आणि कोलोरॅडोचा बँजो

मराठी संगीत-समीक्षेने आजवर गायकाचा विचार पुष्कळ केला, मंडळीचा फारसा केला नाही. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने १९६१ साली स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये आपल्या घराण्यांची मांडणी करून दाखविली आणि त्या मांडणीने रसिकांना विचार करण्याची एक शिस्त दिली. परंतु तेथेही विचाराचे एकक व्यासपीठावर बसलेला एक गायक हेच आहे. साथीदार आहेत ते साथ करण्यापुरते. याच्या उलट, ज्या गाण्याचा धनी कोणी एक इसम नसून दहा-पंधरा माणसांचे वर्तुळ आहे, त्या गाण्याकडे आपण एक तर भाविकाच्या दृष्टीने पाहतो, नाही तर लोकसंस्कृतीच्या संग्राहकाच्या दृष्टीने. त्याला संगीत म्हणून काही कसोटी लावावी, त्यातले बरे-वाईट निवडावे, हे आपल्या मनात सहसा येत नाही. आदर दाखवून आपण मोकळे होतो. आणि असल्या कोरड्या आदराने कोणत्याही कलेचे हित झालेले नाही.

प्रस्तुत लेखात अशा एका गाण्याचा विचार करावयाचा आहे. ते गाणे म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या टापूतील, आणि अर्थातच सबंध वऱ्हाड-नागपूरकडील, खंजेरी-भजन. त्याच्या जोडीला अमेरिकेतील एका वाद्यवृंदाची हकीकत घेतली आहे. ‘ब्लूग्रास’ नावाच्या तेथील ग्रामीण संगीतातून निघालेल्या आणि ठरलेल्या गाण्याच्या मधोमध वाटेल तितका वेळ उत्स्फूर्त वादन करीत राहणाऱ्या अशा वृंदांना तिकडे ‘जॅम बँड’ म्हणतात. या दोहोंचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध काडीमात्र नाही. तरी तुलना करावीशी वाटते ती अशासाठी की, मंडळीने मिळून मोकळे गावे कसे, आणि मंडळीचा मुख्य पुरुष गेल्यावर तिने जगावे कसे, हे दोन्ही प्रश्न त्या लोकांनी उघड्यावर हाताळले आहेत, आणि त्याची ध्वनिमुद्रित साक्ष मागे ठेवली आहे.

आधी स्थळाविषयी थोडे. १९५६ पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा मराठी भाग तिच्या अंगणातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरची आणि शेतावरची मराठी, संत्र्याच्या व्यापारात दोन्ही, असा येथील संसार आहे. जामसावळीच्या हनुमंतापुढे जमणाऱ्या भक्तांतही हे दोन्ही बोल कानी पडतात. येथे एका माणसाच्या तोंडी दोन भाषा असणे हे विद्वत्तेचे लक्षण समजत नाहीत. ती रोजची गोष्ट आहे. खंजेरी-भजनाला ही भूमी मानवली याचे एक कारण हेच होय.

या भजनाचे आजचे रूप ज्यांच्यापासून निघाले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्याच सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन प्रांतांच्या सीमेवर असलेल्या सालबर्डी येथे त्यांनी मोठा यज्ञ केला. १९४२ च्या लढ्यात त्यांना अटक होऊन नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. सरकारला भजनाचे भय वाटावे, असा तो काळ होता आणि तसे ते भजन होते. १९५५ साली ते जपानातील धर्मपरिषदेस गेले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे देहावसान झाले. ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ हा त्यांचा प्रधान ग्रंथ खरा. परंतु ग्रंथ वाचणाऱ्यांपेक्षा खंजेरी ऐकणाऱ्यांची संख्या कितीतरी पट मोठी होती.

या इतिहासातील दोन गोष्टी समीक्षकाने विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, त्यांनी मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत भजने रचली. त्यामुळे राज्यांची सीमा बदलल्यावरही सौंसरच्या मंडळीला भजनांची दुसरी वही करावी लागली नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्यांच्या पुष्कळ भजनांच्या शिरोभागी ‘तर्ज’ छापलेली असते. म्हणजे अमुक परिचित गाण्याच्या चालीवर हे म्हणावे, अशी सूचना असते. काही पंडितांना यात चालीची उसनवारी दिसेल. मला त्यात एक व्यवहारी शहाणपण दिसते. चाल आधीच सर्वांच्या कानात असली म्हणजे शिकविण्याचा वेळ वाचतो, आणि कालच मंडळीत आलेला पोरगाही आज ध्रुपद उचलू शकतो. समूहाच्या गाण्याला लागणारे सामाईक भांडवल अशा रीतीने जमा होते.

आता रचना पाहू. खंजेरी हे एका हातात मावणारे, एका तोंडावर कातडे मढविलेले आणि कडीत धातूच्या चकत्या बसविलेले लहानसे वाद्य. एकाच आघातात कातड्याचा घोष आणि चकत्यांचा झणत्कार हे दोन्ही नाद ते देते. आणि ते वाजविणाराच गातही असतो, ही त्याची मोठी सोय. अशा तीन-चार किंवा अधिक खंजेऱ्या, एक पेटी, तबला किंवा ढोलकी आणि टाळ एवढ्यावर मंडळी उभी राहते. मुख्य गायक ध्रुपद टाकतो, मंडळी ते झेलते. अंतरा एकट्याचा, ध्रुपद सर्वांचे. प्रत्येक फेरीस लय किंचित चढते. कोणी ती चढविण्याचा हुकूम देत नाही, ती चढत जाते. मध्येच एखाद्या ओळीवर गायक थांबतो, तीच ओळ चार प्रकारे फिरवून म्हणतो, क्वचित तिचा अर्थ दोन वाक्यांत सांगतो, आणि तेवढा वेळ खंजेऱ्या दबलेल्या आवाजात ठेका धरून राहतात. या जागेस शास्त्रात नाव नाही. तरी भजन जमले की नाही याचा निकाल याच जागी लागतो. गायक किती वेळ थांबणार हे मंडळीला ठाऊक नसते, आणि तो परत येताच सर्वांनी एका आघातावर त्याला भेटावयाचे असते. हे साधते ते केवळ परस्परांकडे कान असल्यामुळे.

आता अमेरिकेकडे वळू. केंटकी राज्यातील बिल मन्रो या मँडोलिनवादकाने आपल्या वृंदास ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले आणि त्यावरून पुढे या सबंध शैलीस ब्लूग्रास म्हणू लागले. १९३९ साली तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध नभोवाणी-कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण त्याच्याकडे आला. तीन बोटांनी बँजो छेडण्याच्या त्याच्या पद्धतीने त्या संगीताला आजचा चेहरा दिला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या गावांतील मिरवणुकीच्या ‘बँजो पार्टी’त जे बटणांचे तंतुवाद्य वाजते ते वस्तुतः बुलबुल-तरंग होय, आणि त्याचा मूळ पुरुष जपानातील ताइशोगोतो. अमेरिकन बँजो निराळा. कातड्याने मढविलेल्या गोल कडीवर तारा ओढलेले हे वाद्य, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांपासून निघालेले. म्हणजे त्याच्याही पोटात एक खंजेरीच आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ब्लूग्रासमध्ये बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि मोठा बास ही वाद्ये असतात. परंपरेने त्यात तालवाद्य नसते. लय तारांतूनच निघते. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये एकेक वादक आळीपाळीने पुढे येतो, एक आवर्तन वाजवून मागे सरतो. हे आवर्तन आखीव आणि तोकडे असे. ते लांबविण्याचे श्रेय पुढील पिढीकडे जाते. ‘ग्रेटफुल डेड’ या १९६५ साली निघालेल्या सुप्रसिद्ध वृंदाचा प्रमुख वादक जेरी गार्सिया हा मुळात ब्लूग्रासचा बँजोवादक होता. १९७३ साली त्याने डेव्हिड ग्रिसमन, पीटर रोवन आणि फिडलवादक व्हॅसर क्लेमंट्स यांच्यासह ‘ओल्ड अँड इन द वे’ हा ब्लूग्रास-वृंद काही काळ चालविला. यांपैकी रोवन आणि क्लेमंट्स हे दोघेही पूर्वी मन्रोच्या हाताखाली वाजवून आलेले. अशा प्रकारे जुन्या वाटेने आलेली माणसे आणि मोकळ्या वादनाची नवी हौस यांची गाठ पडली.

या गाठीचे पुरते फळ कोलोरॅडो राज्यात दिसले. तेथे १९८९ सालच्या अखेरच्या रात्री ‘सॅमन हेड्स’ आणि ‘लेफ्ट हँड स्ट्रिंग बँड’ या दोन मंडळ्यांतील वादक एका कार्यक्रमाच्या निमित्ताने एकत्र आले, आणि दोन्ही नावांची मोडतोड करून ‘लेफ्टओव्हर सॅमन’ हा वृंद उभा राहिला. व्हिन्स हर्मन, मँडोलिनवादक ड्र्यू एमिट आणि बँजोवादक मार्क व्हॅन हे त्याचे आधारस्तंभ. त्यांनी बँजो-मँडोलिनच्या शेजारी बेधडक ड्रम आणून बसविला, लुइझियानाकडील नाचाची गाणी आणि रॉकचा जोर त्यात मिसळला, आणि १९९३ साली ‘ब्रिजेस टु बर्ट’ ही पहिली ध्वनिमुद्रिका काढली. मुद्रिका मात्र त्यांचे खरे क्षेत्र नव्हे. गावोगाव फिरून, रोज निराळ्या क्रमाने, तेच गाणे रोज निराळ्या लांबीने वाजविणे हा त्यांचा खरा व्यवसाय. आपल्याकडील भजनकऱ्याला हे सांगून आश्चर्य वाटावयाचे नाही.

दोन्ही शैली शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे गुणदोष स्पष्ट होतात. स्वराच्या विस्तारात खंजेरी-भजन उणे आहे, हे मान्य केले पाहिजे. पेटीवाला चालीच्या मागोमाग जातो. अंतऱ्यापूर्वी तो चार सूर स्वतंत्रपणे वाजवील तेवढेच. बँजो, मँडोलिन आणि फिडल यांच्यामध्ये एकच कल्पना हातोहात फिरते, वाढते, क्वचित मूळ गाणे विसरावे इतकी दूर जाते आणि परत येते. ते सुख आपल्या मंडळीत मिळत नाही. उलट, शब्दाच्या बाबतीत अमेरिकन वृंद दरिद्री ठरतो. त्यांचे गाणे पुष्कळदा वादनाला निमित्त म्हणून उरते, आणि ज्या रात्री वादकांना काही सुचत नाही त्या रात्री श्रोत्याच्या हाती नुसती लांबण येते. खंजेरीतील मोकळी जागा शब्दाने धरून ठेवलेली असते. गायक थांबतो तो अर्थासाठी, आणि व्यसनमुक्ती, अस्पृश्यता, गावाची स्वच्छता असा काही विषय त्याच्यापुढे उभा असतो. म्हणून तेथे लांबण लागली तर ती उपदेशाची लागते, सुरांची नव्हे. हाही दोषच; पण निराळ्या जातीचा. दोन्हीकडे मोकळेपणाला आधार मात्र एकच आहे. सर्वांना तोंडपाठ असलेल्या गाण्यांचा साठा असेल तरच वाट सोडता येते, कारण परतावयाचे कोठे हे सर्वांना ठाऊक असते.

आता दुसरा प्रश्न. मुख्य पुरुष गेल्यावर काय होते? मार्क व्हॅन २००२ साली कर्करोगाने वारला. वृंद दोन-अडीच वर्षे कसाबसा चालला, २००४ च्या अखेरीस थांबला, २००७ मध्ये पुन्हा एकत्र आला, आणि २०१० पासून अँडी थॉर्न या नव्या बँजोवादकासह स्थिर झाला. गेलेल्या माणसाची नक्कल करणारा माणूस न शोधता स्वतःचे वाजविणारा माणूस त्यांनी शोधला, आणि वृंदाला दुसरे आयुष्य मिळाले. तुकडोजी महाराजांच्या पश्चात खंजेरीची गोष्ट याहून मोठ्या प्रमाणावर घडली. त्यांची जागा घेणारा एक पुरुष कोणी झाला नाही, होणे शक्यही नव्हते. परंतु गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत खंजेऱ्या होत्या, सामुदायिक प्रार्थनेचा नेम होता आणि भजनांच्या वह्या होत्या. त्यामुळे मोझरीस पुण्यतिथीला गावोगावच्या पालख्या येतात त्या केवळ स्मरण करावयास येत नाहीत. त्या गात येतात. रचनाकर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नासांहून अधिक वर्षे हे गाणे सामान्य माणसांच्या हाती चालू आहे, यातच त्याच्या घडणीची कसोटी लागलेली आहे.

तरीही आज चिंता वाटावी अशी काही चिन्हे आहेत. सत्यपाल महाराज यांनी सात खंजेऱ्या एकट्याने वाजविण्याची जी करामत लोकप्रिय केली तिचा प्रभाव मोठा आहे. अंधश्रद्धेवर प्रहार करणारे त्यांचे कीर्तन हजारो लोक ऐकतात, आणि त्या कार्यास सप्तखंजेरीने जे आकर्षण दिले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु संगीताच्या दृष्टीने पाहता, जेथे सात माणसांनी एकमेकांचे ऐकावयाचे तेथे एकच माणूस स्वतःचे ऐकतो. लय अधिक अचूक होते, आणि ती कोण कशी झेलील याची उत्सुकता नाहीशी होते. असा कलावंत एखादाच असेल तोवर तो त्या परंपरेचे भूषण आहे. प्रत्येक होतकरू मुलगा त्याच वाटेला लागला तर मंडळी कोणाची करावयाची, हा प्रश्न आज विचारून ठेवावा. स्क्रग्जचा बँजोही असाच दिपवून टाकणारा होता. पण तो एक आवर्तन वाजवून मागे सरत असे.

दुसरे चिन्ह स्पर्धेचे. खंजेरी-भजनाच्या स्पर्धा विदर्भात ठिकठिकाणी भरतात आणि त्यांनी तरुणांना या गाण्याकडे ओढले, हे निर्विवाद आहे. परंतु स्पर्धा म्हटली की घड्याळ आले. मोजून दिलेल्या मिनिटांत दोन भजने बसवावयाची, तर गायक ओळीवर थांबेल कशाला? तो थांबला तर गुण जातील. सारे आधी बसवून ठेवलेले, सारे एका मापाचे, आणि वर मोठ्या ध्वनिक्षेपकाचा मारा. खंजेरी दबक्या आवाजात वाजविण्याची जी कला वर सांगितली तिला येथे वावच राहत नाही. ज्या जागी भजन जमते ती जागाच नियमांनी काढून टाकलेली असते, आणि मग परीक्षक पोशाख, उच्चार आणि एकसारखेपणा यांना गुण देतात.

कोकणी वाचकांना हे दुःख अनोळखी नसावे. गोव्यात मांडो संथ लयीत संपतो आणि त्याच्या पाठोपाठ जलद दुलपदांची साखळी सुरू होते; एकातून दुसरे कसे आणि कोठे निघावे हे गाणाऱ्या घोळक्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर सोपविलेले असते. तीच गोष्ट चतुर्थीतील घुमट-आरतीची. घुमट, शामेळ आणि कांसाळे घेऊन शेजारी एका घरून दुसऱ्या घरी जातात, तेव्हा आरती किती वेळ चालावी हे घरातील उत्साह ठरवितो. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास वारसा-वाद्याचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट. वाद्याला मान मिळाला. त्या वाद्याला लागणारा वेळ मात्र कोणत्याही शासकीय आदेशाने देता येत नाही. तो घरांनी आणि गावांनी द्यावयाचा असतो.

येथे अमेरिकन उदाहरणापासून घेण्यासारखा एक उपाय सुचतो. ‘ग्रेटफुल डेड’ने श्रोत्यांना मैफली मुद्रित करण्याची मोकळीक ठेवली होती, आणि १९८४ पासून अशा श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखली. त्यांतून शेकडो अखंड रात्री शिल्लक राहिल्या, आणि एकाच गाण्याची वीस वर्षांतील स्थित्यंतरे अभ्यासकाला ताडून पाहता येऊ लागली. १९७७ सालच्या त्यांच्या एका मैफलीचे मुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत समाविष्ट झाले आहे. त्या संगीताची गंभीर समीक्षा होऊ शकली ती या सामग्रीमुळे. आपल्याकडे खंजेरी-भजनांची मुद्रणे निघतात ती निवडक, कापून सुबक केलेली, एकेका भजनाची. रात्र कोठेच नाही.

मुद्रणाची साधने आज प्रत्येकाच्या खिशात आहेत; तेव्हा अडचण पैशाची नाही. पांढुर्णा आणि सौंसर येथील मंडळांनी वर्षातून एक रात्र घड्याळाशिवाय, परीक्षकांशिवाय आणि शक्य तर ध्वनिक्षेपकाशिवाय गावी, आणि ती आरंभापासून अखेरपर्यंत, चुकांसह, मुद्रित करून ठेवावी. प्रत्येक भजनाची तर्ज कोठून आली, कोणत्या ओळीवर गायक थांबला, हिंदी भजनातून मराठीत मंडळी कोणत्या क्षणी शिरली, हे त्यावरून पुढच्या माणसाला पाहता येईल. ज्यांना खंजेरीविषयी आदर आहे त्यांनी तिच्याविषयी बोलावयाचे ते अशी सामग्री समोर ठेवून बोलावे. तशी दहा वर्षांची सामग्री जमली, तर मंडळीच्या गाण्याचे शास्त्र मराठीत प्रथमच लिहिता येईल, आणि ते लिहिण्याचा मान महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहिलेल्या दोन मराठी गावांकडे जाईल.